भिंतीवरची कावळा-चिमणी

प्रश्न: माझा नातू चार वर्षांचा आहे. झोपताना मोबाईल नको म्हणून मी त्याला भिंतीवर हाताच्या सावल्या करून दाखवते. मला हरीण आणि पक्षी एवढंच येतं, तेही ट्यूबलाईटमध्ये पुसट दिसतं आणि तो दोन मिनिटांत कंटाळतो. अजून प्राणी कुठून शिकू? (एक आजी, डोंबिवली)

उत्तर: आजी, प्राणी राहू द्या, आधी ती ट्यूब बंद करा. लांबलचक ट्यूबचा उजेड सगळीकडून येतो, मग सावलीला कडा कुठून राहणार? मोबाईलचा टॉर्च बेस्ट, कारण उजेड एका ठिपक्यातून येतो (दोन लाईट असतील तर एकावर काळी टेप चिकटवा). आजोबांना मात्र टॉर्च धरायला बसवू नका, त्यांचा हात हलला की अख्खं जंगल हलतं, त्यापेक्षा टीपॉयवर डब्याला टेकवून ठेवा, भिंतीपासून साधारण सहा फुटांवर, आणि तुम्ही उजेडाच्या खाली जमिनीवर बसून फक्त हात वर करा म्हणजे डोक्याची सावली मध्ये येणार नाही.

आता खरी गंमत. हात टॉर्च आणि भिंतीच्या बरोबर मध्ये धरला की सावली दुप्पट होते, भिंतीपासून फूटभर अंतरावर धरला तर जवळपास हाताएवढीच राहते आणि चांगली रेखीव दिसते, टॉर्चजवळ नेला की राक्षसाएवढी पण जरा धूसर. म्हणजे एकाच चोचीत दोन पक्षी झाले की! अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून चोच करा, बाकीची बोटं मुडपून घ्या. डावा हात भिंतीजवळ, ती चिमणी. उजवा मागे टॉर्चकडे, पण थोडा बाजूला, तो कावळा, चोची समोरासमोर. भिंतीला मिठाईचा रिकामा बॉक्स लावलात की झालं चिमणीचं मेणाचं घर.

मग 'चिमणे चिमणे दार उघड', 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते', 'थांब, तीट लावते', हे तर तुम्हाला झोपेतही येत असेल. बोलेल त्याचीच चोच हलवायची, दुसऱ्याने गप्प राहायचं, नाहीतर कोण बोलतंय ते पोरांना कळत नाही. पाऊस वाढला की कावळा हळूहळू टॉर्चकडे न्या, केवढा मोठा होऊन दारावर येतो बघा, आणि चिमणीचं 'थांब' संपेपर्यंत नातू कुठे जात नाही. दुसऱ्या दिवशी कावळा त्यालाच करू द्या, चोच वाकडी झाली तरी चालेल. अंगठी तेवढी काढून ठेवा, चोचीवर गाठ दिसते. आणि लाईट गेली म्हणून मेणबत्तीवर हा खेळ नको, शेजारी पांघरूण असतं.

प्रश्न: बालवाडीत तीस मुलं असतात, हाताची सावली मागच्यांना दिसत नाही, शिवाय माझी बोटं दुखतात. काय करू? (एक ताई, सावंतवाडी)

उत्तर: ताई, तुमच्या तर शेजारीच खाण आहे! कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवून रामायणातल्या गोष्टी सांगतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांचं ठाकर आदिवासी कला आंगण हे म्युझियमही तिथेच आहे, जमलं तर मुलांची सहल न्याच. वर्गात तीच युक्ती वापरायची, दारात पांढरं धोतर ताणून बांधा, दिवा आणि तुम्ही मागे, मुलं पुढे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे प्राणी कापून खराट्याच्या हिराला चिकटवा आणि कापडाला अगदी टेकवून धरा, म्हणजे मागच्या रांगेलाही शेपटीपर्यंत सगळं दिसेल. डोळ्याच्या जागी भोक पाडायला विसरू नका, त्यातून उजेड आला की मुलं ओरडतात.

पात्रं एका वेळी दोनच ठेवा, तिसऱ्याला तुमचा हात उरणार नाही, आणि हिरांची टोकं आधी कापून घ्या, कारण खेळ संपला की सगळी पोरं पडद्यामागे घुसणार.