ट्रेलर पहिल्यांदाच ओढणार आहेस? मग एवढंच बघ

आधी परवाना. शिकाऊ परवान्यावर ट्रेलर ओढायला बऱ्याच देशांत मनाई आहे, तेव्हा तुझ्याकडचा नियम वाच. शिवाय गाडीच्या कागदांवर ती किती वजन ओढू शकते ते लिहिलेलं असतं, तेही बघून घे.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरणं. जड वस्तू ट्रेलरच्या चाकांच्या जरा पुढे ठेव. मागचं वजन वाढलं की वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. तसं झालंच तर ब्रेकवर उभा राहू नकोस; ॲक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर.

निघताना:
- जोडणी नीट बसली का? सेफ्टी चेन (जोडणी सुटली तरी ट्रेलर धरून ठेवणाऱ्या साखळ्या) जोडणीच्या खालून एकमेकींवरून तिरप्या घेतल्यास का?
- दिवे लागतात का? (माणूस मागे उभा करून बघ.)
- ट्रेलरच्या टायरमध्ये हवा आहे का? हे हमखास विसरतं.

वळण रुंद घे, पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीपेक्षा बरंच जास्त ठेव.

रिव्हर्सला घाबरू नकोस, पहिल्यांदा सगळ्यांचाच ट्रेलर वाकडा वळून गाडीला आडवा येतो. रिकामं मैदान गाठ. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेव. हात जिकडे नेशील, ट्रेलरचं मागचं टोक तिकडेच जाईल. बिघडलं की थोडं पुढे घेऊन सरळ कर.