वाचकांचे प्रश्न : वाचपीठावर पाय लटपटतात

प्रश्न : पेंटेकॉस्टच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या) रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ, म्हणजे बायबलवाचन, माझ्याकडे आहे, प्रेषितांची कृत्ये 2:1-13. गेल्या वेळी आवाज कापला, मध्येच ओळ हरवली. ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो’ हे वचन (फिलिप्पै 4:13) रोज म्हणते, तरी भीती जात नाही. माझा विश्वास कमी पडतो का?
– एक वाचक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)

उत्तर : नाही. करिंथला आपण अशक्त, भयभीत आणि थरथरत आलो, असे खुद्द प्रेषित पौलाने लिहून ठेवले आहे (1 करिंथ 2:3). तुम्ही म्हणता ते वचन त्याने बंदिवासातून लिहिले. त्याच्या आधीची दोन वचने सोबत वाचा. पोट भरलेले असो की उपाशी, कसे राहायचे ते मी शिकलो, असे तो सांगतो. ‘शिकलो’ हा शब्द आपण गाळतो आणि 4:13 ताइतासारखे वापरतो. मग पाय लटपटले की देवाने साथ सोडली असे वाटते.

आता पाठाकडे. या उताऱ्यात खरी अडचण 9 ते 11 या वचनांत आहे, बाकीचा सरळ आहे. तिथे देशांची आणि लोकांची नावे ओळीने येतात आणि एकावर अडखळले की पुढची सगळी घसरतात. पेन्सिलीने तीन-तीनचे गट पाडा : पार्थी, मेदी, एलामी, श्वास, मग पुढचा गट. कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया ही नावे सुटी काढून दहा-दहा वेळा म्हणा. उच्चार पाळकांना शनिवारच्या आत विचारून घ्या. रविवारी सकाळी त्यांना सवड नसते.

चार दिवस रोज दोनदा, उभे राहून, मोठ्याने वाचा. मनात वाचलेले उपयोगी पडत नाही; जीभ वळायला हवी. तेरा वचनांना दोन-अडीच मिनिटे लागली पाहिजेत. दीड मिनिटात आटोपत असाल तर तुम्ही पळताय. आवाज कापतो तो बहुधा श्वास वरवरचा घेतल्यामुळे, वाक्य संपण्याआधीच हवा संपते. जागेवरून उठण्यापूर्वी चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, असे तीनदा करा. माइक तोंडापासून वीतभर, हनुवटीच्या पातळीला. पुस्तक, अध्याय, वचने सांगा आणि पाने उलटण्याचा आवाज थांबेपर्यंत गप्प राहा. तेवढ्यात तुमचाही श्वास जागेवर येतो. डावे बोट ओळीवर ठेवा, म्हणजे मान वर केली तरी ओळ सुटत नाही. चुकलात तर तो शब्द पुन्हा म्हणा आणि पुढे जा, ‘सॉरी’ नको.

प्रार्थना लांब नको. यरुशलेम पुन्हा बांधायला जायचे होते त्या नहेम्याला ‘काय हवे?’ असे राजाने विचारले, तेव्हा त्याने उत्तराआधी क्षणभर प्रार्थना केली (नहेम्या 2:4). पण पत्रे कुणाच्या नावाची हवीत, लाकूड कशाकशाला लागेल, हे त्याला तोंडपाठ होते.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. चर्चच्या तरुण संघात मोठ्याने प्रार्थना करायला सांगितले की उठून जातो. सक्ती करावी का?

उत्तर : नको. घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेपासून सुरुवात करा. त्याच्याकडे दोनच वाक्ये द्या, एक आभाराचे, एक मागणीचे, हवी तर कागदावर लिहून. सगळ्यांसमोर चुका काढू नका. महिनाभराने संघात जोडीने प्रार्थना करू द्या. बोलायला कचरणाऱ्या मोशेलाही जोडीला भाऊ अहरोन मिळाला होता. आणि त्याचे एकच वाक्य झाले तर हसू नका, येशूच्या दाखल्यात मंदिरातल्या जकातदारानेही एकच म्हटले होते, ‘देवा, मज पाप्यावर दया कर’ (लूक 18:13).