उधारीची वही

"बाबांचं लहानपण फार हलाखीत गेलं, हे आई आम्हाला सतत ऐकवते. पण म्हणून आम्ही सगळं सोसायचंच का, मॅडम?"

समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. कधी नवऱ्याबद्दल, कधी सासूबद्दल, कधी मोठ्या भावाबद्दल. या वेळी विचारत होती चोवीस वर्षांची मुलगी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नोकरी सोडून पुढे शिकायचं तिने ठरवलं होतं. फीचे पैसे तिने स्वतः साठवलेले. तरी वडिलांनी घर डोक्यावर घेतलं आणि मग अकरा दिवस अबोला धरला. घरात तीन माणसं, पण तांदळाची तीन पोती कायम भरलेली. रोज संध्याकाळी खर्चाचा हिशेब द्यायचा. दारात पार्सल आलं की आवाज चढायचा. एकदा तर लेकीने ताटात भात टाकला म्हणून त्यांनी ते ताटच भिरकावलं होतं.

"मालिकेत कसं, खलनायकाचं बालपण दाखवलं की त्याचा राग येईनासा होतो," ती म्हणाली. "घरात तसं होत नाही. कळतं सगळं, पण रागही येतो. मग अपराधी वाटतं."

तिसऱ्या आठवड्यात वडील आले. खुर्चीच्या कडेवर बसले. "माझ्या डोक्याला काही झालेलं नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. मी मान्य केलं. बोलतं व्हायला त्यांना दोन भेटी लागल्या.

त्यांचे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा हे आठ वर्षांचे. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. "महिना-दोन महिन्यांत मिटेल" म्हणता म्हणता पावसाळा आला. चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं कोकणात, साताऱ्याकडे गावी गेली. यांची आई खानावळीच्या पोळ्या लाटू लागली. वाण्याकडे उधारीची वही घेऊन ती या पोराला पाठवायची, कारण पोराला वाणी नाही म्हणणार नाही असा तिचा हिशेब. एका संध्याकाळी वाण्याने वही उघडलीच नाही. गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "बापाला पाठव." पोरगा रिकामी पिशवी घेऊन तीन जिने चढला.

हे सांगताना पन्नाशी ओलांडलेल्या त्या गृहस्थांचा हात पोटाशी गेला होता. मी विचारलं, "लेक नोकरी सोडते म्हणाली, तेव्हाही इथेच आवळलं होतं का?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग मान हलवली.

भूतकाळ असाच काम करतो, असं मला इतक्या वर्षांत दिसलं आहे. माणूस आठवण काढत बसत नाही. पोट आवळतं, घसा कोरडा पडतो, आवाज आधी चढतो आणि कारण मागाहून सापडतं. बेसावध राहू नये हे त्या आठ वर्षांच्या पोराने शिकून घेतलं, आणि तेव्हा ते शहाणपणच होतं. आता पगार नियमित आहे, घर स्वतःचं आहे, पण शरीराला कुणी तसं कळवलेलं नाही.

गोष्टीत हे फार नेमकं दाखवता येतं. महाभारतात दुधासाठी रडणाऱ्या अश्वत्थाम्याला पिठाचं पाणी देतात आणि तो दूध प्यायल्याच्या आनंदात नाचतो. ते सहन न होऊन द्रोण द्रुपदाकडे जातात, अपमान गिळून परततात, पुढे शिष्यांकरवी त्याला पकडून आणवतात आणि अर्धं राज्य घेतात. त्या अपमानापायी द्रुपद यज्ञ करून द्रोणांना मारणारा मुलगा मागतो. धृष्टद्युम्न द्रोणांना मारतो, आणि झोपेतल्या धृष्टद्युम्नाला मारतो तो हाच पिठाचं पाणी प्यायलेला मुलगा. यातल्या प्रत्येकाचं दुःख खरं आहे, आणि प्रत्येकाने ते पुढच्याच्या पदरात टाकलं आहे. मी मुलीला हेच सांगितलं. कळणं ही एक गोष्ट, सोसणं ही दुसरी. वडिलांची कणव येऊ दे. ताट भिरकावणं मात्र चालणार नाही, हे त्यांना शांतपणे सांगायचं. आवाज चढला की "वीस मिनिटांनी बोलू" म्हणून खोलीतून उठायचं, आणि वीस मिनिटांनी खरंच परत यायचं. परत येणं महत्त्वाचं, नाहीतर तोही अबोलाच होतो.

वडिलांची भीती वेगळी होती. लेकीने त्यांच्याकडून बालपणीच्या आघातांची दहा प्रश्नांची चाचणी मोबाइलवर सोडवून घेतली होती. "मग आता माझं असंच राहणार का?" अशा चाचण्यांच्या मुळाशी असलेला अमेरिकेतला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणीचे आघात जितके जास्त, तितका पुढे आजारांचा धोका वाढलेला त्यात नऊ हजारांहून अधिक प्रौढांमध्ये दिसला. पण तो धोका गटाचा असतो. एका माणसाचं भविष्य त्या आकड्यात वाचता येत नाही. त्यांना पटलं ते मात्र धाकट्या भावामुळे. त्याच खोलीत, त्याच संपात वाढलेल्या भावाच्या हातात पैसा टिकत नाही. "उद्या कुणी पाहिलाय," म्हणून तो उधळतो. वही एकच, धडे दोन. कथेतल्या पात्राला लेखक एक जखम देतो आणि सगळं तिथून वाहतं. खऱ्या माणसात स्वभाव असतो, नशीब असतं, पाठीवर हात ठेवणारी एखादी मावशी असते.

काम साधंच केलं. पोट आवळलं की आधी गॅलरीत जायचं. सहा महिन्यांचा घरखर्च कागदावर मांडून शिलकीशी ताडून पाहायचा. तीनपैकी एक पोतं कमी करायचं. याला त्यांनी सात आठवडे लावले आणि मी घाई केली नाही.

शेवटच्या भेटीत बापलेक एकत्र आले. वहीची गोष्ट त्यांनी तिला पहिल्यांदाच सांगितली. "हलाखी" हा शब्द तिने हजारदा ऐकला होता, ही संध्याकाळ कधीच नाही. तिने विचारलं, "मग त्या रात्री जेवलात काय?"

"आईने पेज केली होती," ते म्हणाले. "ती मात्र भूक नाही म्हणाली."

आवाज अजून चढतो. गेल्या महिन्यात दोनदा चढला, असं मुलीने कळवलं आहे. दुसऱ्या वेळी गॅलरीत ते स्वतःहून गेले.