पॅसिफिकची बेटं वाचायला घेतोयस? आधी खापरं बघ

अरे, थेट ईस्टर आयलंडच्या पुतळ्यांपासून सुरू नको करूस, सगळे तिथेच अडकतात. आधी लापिटा लोक घे. साधारण 3000 वर्षांपूर्वी बिस्मार्क बेटांकडून (न्यू गिनीच्या ईशान्येला) निघून वानुआतू, फिजी, टोंगापर्यंत पोचले, आणि माग लागतो तो खापरांवरून, ओल्या मातीवर दातेरी ठसे दाबून केलेली बारीक नक्षी, फोटो झूम करून बघच. न्यू ब्रिटनचा (बिस्मार्कमधलंच बेट) ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, पार फिजीत सापडलाय, म्हणजे चुकून वाहत गेले वगैरे विसर. माणसं दक्षिण अमेरिकेकडून आली असतील हे दाखवायला नॉर्वेच्या हेयरडालने 1947 मध्ये तिथून तराफा आणला, तो भारीच, पण माणसं आली पश्चिमेकडून, तीही बहुतेक वेळ समोरून येणाऱ्या वाऱ्यात (उलट बरंच ना, बेट नाही सापडलं तर परतीला वारा पाठीशी). सामोआनंतर आणखी पूर्वेकडे जाण्यात हजारेक वर्षांहून मोठा गॅप आहे, का थांबले यावर अजून भांडणं चालूयत, तिकडे नंतर वळ.