बायूकाठचं फ्रेंच

प्रश्न : मुलाकडे ह्यूस्टनला चालले आहे. तरुणपणी हौसेनं फ्रेंच शिकले होते. शेजारच्या लुइझियानात अजून फ्रेंच बोलतात म्हणे. कुठे ऐकायला मिळेल? – एक वाचक, पुणे

उत्तर : न्यू ऑर्लिन्सच्या गर्दीत शोधू नका. ह्यूस्टनहून गाडीनं साडेतीन तासांवर आर्नोव्हिल आहे, तिथे जा. वस्ती जेमतेम हजाराची. बायू तेश आणि बायू फ्यूझिलिए इथे एकमेकांना मिळतात. बायू म्हणजे अगदी संथ, गढूळ पाणी. मला तर आधी ते वाहतंय हेच कळलं नाही! ‘नूनू’ या कलाकेंद्रात स्थानिकांची चित्रं असतात, फ्रेंच गप्पाही रंगतात. वेळा मात्र आधी विचारून घ्या.

तुमचं पुस्तकी फ्रेंच थोडं अडखळेल. गाडीला तिथे ‘शार’ म्हणतात. ‘शेव्रेत’ म्हणजे कोळंबी. फ्रान्समध्ये मात्र हरिणी! मी हसले, तर एक आजोबाही हसले. लुइझियानाच्या 1921 च्या राज्यघटनेनं शाळांतून फ्रेंच हद्दपार केलं. बोलणाऱ्या मुलांना शिक्षा व्हायची. त्यामुळे कित्येक म्हाताऱ्यांना अस्खलित बोलता येतं, लिहिता येत नाही. 1968 मध्ये सरकारनंच ती भाषा जपायला संस्था काढली.

वही नेऊ नका, नुसतं ऐका. आणि हो, डासांचं मलम न्या.