मुलीला विषाणूंवर काम करायचंय, जाऊ द्यावं का?

ताई,

तुमची मुलगी भौतिकशास्त्रात बीएस्सी करतेय आणि तिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने विषाणूंचा अभ्यास करायचाय. संसर्गाची भीती किती आणि जीवशास्त्र नसताना तिचा निभाव लागेल का, हे तुमचे दोन प्रश्न.

आधी भीतीचं. घातक विषाणू मायक्रोस्कोपपर्यंत येतो तो बहुतेक वेळा निष्क्रिय होऊनच. बंदिस्त जैवसुरक्षा प्रयोगशाळेत ग्लुटाराल्डिहाइडसारखं रसायन किंवा गॅमा किरण वापरून ते काम उरकलेलं असतं. तिथे ‘मेला असेल’ चालत नाही. प्रक्रिया केलेला नमुना जिवंत पेशींवर टाकून विषाणू वाढत नाही ना, हे पाहूनच ती पद्धत मान्य होते. कित्येकदा तर विषाणूचं नुसतं कवच अभ्यासतात. आत जनुकीय द्रव्यच नसल्याने ते वाढूच शकत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची लस अशाच कणांची असते. मला विचाराल तर जास्त जपावं लागतं ते नमुने गोठवायला वापरतात त्या द्रव इथेन आणि द्रव नायट्रोजनला. पहिलं पेट घेतं, दुसऱ्याची वाफ बंद खोलीतला ऑक्सिजन कमी करते. कुठेही रुजू होण्याआधी सुरक्षा प्रशिक्षण कोण देणार, हे तिने स्पष्ट विचारावं.

भौतिकशास्त्र ही तर तिची जमेची बाजू! क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी, म्हणजे नमुना झटकन गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने पाहण्याच्या तंत्रासाठी, 2017 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले डुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन, तिघेही मूळचे भौतिकशास्त्राचे. पेशी आणि प्रथिनांची ओळख तिला वर्षभरात करून घेता येईल.

खरा प्रश्न चिकाटीचा आहे. 3 मिलिमीटरची जाळी चिमट्यात धरायची, तिच्यावर नमुन्याचा थेंब सोडायचा, जादा द्रव टिपकागदाने टिपायचा आणि क्षणात द्रव इथेनमध्ये बुडवायची. बर्फाचा थर जाड झाला किंवा त्यात स्फटिक धरले, की जाळी वाया. सगळं जुळून आलं तरी हाती येतात हजारो अंधुक चित्रं. त्यांची संगणकावर सरासरी काढत त्रिमितीय रचना उभी करायची. म्हणून पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि लिनक्स ही संगणकप्रणाली तिने आत्तापासूनच हाताळावी.

पीएचडीच करायला हवी असंही नाही. मानवी कोरोना विषाणूची पहिली चित्रं टिपणाऱ्या जून अल्मेडा 16 व्या वर्षी शाळा सोडून प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागल्या होत्या. कुशल ऑपरेटरला आजही मान आहे.

सुट्टीत तिला मटेरियल सायन्सच्या एखाद्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप शिकू द्या. तिथे नमुने धातूंचे असतात. त्यानंतर बॅक्टेरियोफाज घ्यावा. हा विषाणू फक्त जिवाणूंना ग्रासतो, माणसाला नाही.