जमालपूरची गोळी आणि राजौरीचं खेचर

(सदर : फॉलइन. वाचकांच्या प्रश्नांना पायदळातले एक निवृत्त सुभेदार उत्तरं देतात.)

जमालपूरच्या लढाईत पाकिस्तानी कर्नलने भारतीय ब्रिगेडियरला पत्रात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, ही गोष्ट मी वर्गात तीस वर्षं सांगत आलो. परवा नातवाने विचारलं, 'आजोबा, खरं की फॉरवर्ड?' आता तुम्हीच सांगा.
*एक निवृत्त शिक्षक, सांगली*

गुरुजी, खरं आहे. नातवाला निर्धास्त सांगा.

डिसेंबर 1971, बांगलादेशचं युद्ध. कमालपूरची पाकिस्तानी चौकी 4 तारखेला पडली आणि आपली 95 माउंटन ब्रिगेड ब्रह्मपुत्रेच्या जुन्या पात्राकडे उतरली. पलीकडे जमालपूर, तिथे 31 बलूच ही पाकिस्तानी पलटण, त्यांचे कमांडर लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद. आपले ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर. त्यांनी चिठ्ठी धाडली की तुम्ही वेढले गेला आहात, शस्त्रं ठेवा. चिठ्ठी घेऊन गेला मुक्तिवाहिनीतला मुन्शी नावाचा माणूस. त्याला तिकडे चांगलाच चोप बसला. उत्तर मात्र घेऊन आला. सुलतान साहेबांनी लिहिलं होतं की लेखणी तुम्ही छान चालवता, पुढच्या भेटीला हातात स्टेनगन घेऊन या. कागदात एक गोळी गुंडाळलेली.

इथवर सगळे सांगतात, कारण इथवर गोष्ट झकास आहे. पुढची सांगत कुणी नाही.

चिठ्ठ्यांची देवघेव चालली होती तेव्हा लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांची 1 मराठा, म्हणजे आपली जंगी पलटण, नदी ओलांडून जमालपूरच्या पाठीमागे जाऊन बसली होती. शहरातून ढाक्याकडे निघणारी वाट धरून. 10 डिसेंबरच्या रात्री शत्रू त्याच वाटेने बाहेर पडायला निघाला आणि थेट मराठ्यांच्या खंदकांवर आला. सकाळी जमालपूर आपलं होतं. सुलतान साहेब काही माणसांसह निसटले. गोळीला उत्तर म्हणून आपण दुसरी गोळी पाठवली नाही, योग्य जागी जाऊन गप्प बसलो.

मी 1975 ला भरती झालो. बेळगावच्या प्रशिक्षण केंद्रातले आमचे एक उस्ताद त्या रात्री जमालपूरला होते. बढाई मारणारा माणूस नव्हे. गोळीबाराचं आम्ही फार खोदून विचारलं तर म्हणायचे, 'गोळीबाराचं काय, तो कुणीही करतो. त्याच्या आधीचा अर्धा तास विचारा.' ते लोक अंधारात चालत येतायत, बुटांचा आवाज ऐकू येतोय, आणि सेक्शनचा, म्हणजे दहा जणांच्या तुकडीचा, नाईक फक्त हात वर करून आहे. हात खाली येईपर्यंत ट्रिगरपासून बोट लांब.

हे मला तेव्हा कळलं नाही. कळायला एक खेचर मरावं लागलं.

मी नुकताच नाईक झालो होतो, नोकरीला आठ वर्षं झालेली. जम्मूतली राजौरीकडची पोस्ट, पुढे तार, तारेला रिकामे डबे टांगलेले. पावसाळी रात्र. दोनच्या सुमारास डबे वाजले. मी एसएलआर रायफलचं अख्खं मॅगझिन रिकामं केलं. सेक्शन कमांडरच फायर करतोय म्हटल्यावर सेक्शन कसली थांबते? पाच मिनिटांत दोनशेवर राउंड गेले. फक्त आमची एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, गप्प होती. तिच्यावर बसला होता बारा वर्षं नोकरी झालेला एक शिपाई. शिक्षणाची परीक्षा पास होत नव्हती म्हणून त्याला बढतीची फीत मिळाली नव्हती, त्यामुळे माझ्या हाताखाली. मी ओरडलो, 'फायर का नाही?' तो म्हणाला, 'उस्ताद, चार पायांचं आहे. दोन पायांचं असं चालत नाही.'

उजाडल्यावर कंपनी कमांडर मेजर साहेब आले. तारेपाशी सुटून आलेलं खेचर पडलं होतं. ते त्यांनी पाहिलं, मला पाहिलं. मी अटेन्शनमध्ये, घामाघूम. त्यांनी एवढंच विचारलं, 'राउंड किती उरले?' मला सांगता येईना. ते एलएमजीवाल्याकडे वळले. तो म्हणाला, 'साहेब, माझे सगळे.' साहेबांनी त्याच्या डब्यातला चहा प्यायला आणि निघून गेले. मला शिक्षा झाली नाही. झाली असती तर कदाचित आज हे लिहिण्याइतकं लक्षात राहिलं नसतं.

जमालपूरचं आणखी एक, गुरुजी, वर्गात सांगण्यासारखं. 11 डिसेंबरला टांगाइलजवळ 2 पॅरा हवाई छत्र्यांनी उतरली आणि तिने पुंगलीचा पूल धरला. दुसऱ्या दिवशी रस्त्याने त्यांच्यापर्यंत पोचली ती हीच 1 मराठा. आणि 2 पॅरा म्हणजे कोण? 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिकडे दिलेली आपलीच 3 मराठा. या दोन्ही पलटणींना दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले. 3 मधला नाईक यशवंत घाडगे, 10 जुलै 1944, टायबरचं खोरं. त्याच्या सेक्शनमधली सगळी माणसं मारली गेली किंवा जखमी झाली, उभा तो एकटा. तसाच मशीनगनवर धावला, ग्रेनेड टाकला, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने लढला, आणि तिथेच पडला. वय 22. माणगावला त्याचा पुतळा आहे, कोकणात जाताना थांबा. 1 मधला शिपाई नामदेव जाधव, 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. कंपनीचा रनर, म्हणजे निरोप्या. जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर बाहेर काढलं, मग मशीनगनच्या तीन चौक्या मोडल्या, आणि बांधावर चढून पलटणीची गर्जना देत मागच्यांना हात करून बोलावलं. तो जगला, गावी परत आला. अशा या दोन पलटणी सत्तावीस वर्षांनी बंगालमधल्या एका पुलावर भेटल्या. ही भेट कुणी ठरवून घडवलेली नव्हती.

एक नाईक, एक शिपाई. कर्नल दोघांतला कुणीच नाही.

मराठा लाइट इन्फन्ट्रीतली 'लाइट' म्हणजे हलकी का?
*इयत्ता नववी, कोल्हापूर*

वजनाने नव्हे बाळ, पायाने. पूर्वी पायदळात काही तुकड्या कमी ओझं घेऊन पुढे धावायच्या, पसरून लढायच्या, हुकूम ढोलावर न घेता बिगुलावर घ्यायच्या. म्हणून टोपीवरच्या बिल्ल्यात बिगुल आहे. परेडला आमची चाल आजही इतरांपेक्षा झपाट्याची असते. ती शिकताना पहिले दोन महिने पोटऱ्या रडतात.

माझा मुलगा अग्निवीर म्हणून गेला. आता त्याची चार वर्षं संपत येतील. शंभरात पंचवीसच ठेवणार म्हणतात. त्याचं काय होईल, या विचाराने झोप लागत नाही. तुम्ही योजनेच्या बाजूचे की विरोधातले?
*एक आई, माण तालुका*

ताई, आधी हिशोब करू, मग मी कुठल्या बाजूचा ते बघू.

योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली. लष्कराच्या पहिल्या तुकड्या 2023 च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला लागल्या. पहिल्या वर्षी महिना 30 हजार, चौथ्या वर्षी 40 हजार. त्यातले तीस टक्के कापून निधीत जातात आणि तेवढेच सरकार घालतं. शेवटी व्याजासह सुमारे 11 लाख 71 हजार हातात येतात, त्यावर प्राप्तिकर नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे किमान पंधरा वर्षांसाठी कायम होतो. उरलेल्यांना केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत किमान दहा टक्के जागा राखीव आहेत आणि वयात सवलत आहे. म्हणजे मुलगा कायम झाला नाही तर त्याच महिन्यात दारात बसून राहायचं कारण नाही. या भरतीचे अर्ज, लेखी परीक्षेचं पुस्तक, पदवी अर्धवट राहिली असेल तर ती, हे सगळं आत्ताच सुटीत सुरू करायला लावा. लष्करातून आलेल्या पोराला पळायची चाचणी म्हणजे चहा पिण्यासारखं. अडतो तो गणितात.

आणि ताई, ते अकरा लाख. आपल्याकडे काय होतं ते मला ठाऊक आहे. घराचा स्लॅब, बहिणीचं लग्न, दारात बुलेट. तीनही गोष्टी चांगल्या. पण पैसे मिळाल्यावर पहिले सहा महिने त्यांना हात लावू देऊ नका. तो काळ भावकीच्या सल्ल्यांचा असतो.

आता माझी बाजू. मी टीव्हीवाल्यांसारखा हो किंवा नाही म्हणणार नाही. माझी काळजी एकाच माणसाची आहे, नाईकाची. सेक्शन म्हणजे नाईक धरून दहा जण. लढाई शेवटी तिथे होते. मला नाईक व्हायला आठ वर्षं लागली, आणि आठ वर्षांनी मी काय केलं ते वर वाचलंतच. त्या रात्री शहाणा निघाला तो बारा वर्षं मुरलेला साधा शिपाई. एका सेक्शनमध्ये चार पोरं आणि त्यांच्यातून जागा एक, असं असताना ती चार एकमेकांचं ओझं उचलतील का, हा माझा प्रश्न आहे. आमच्या वेळी शेजारचा पुढे गेला म्हणून माझं घर बुडत नव्हतं. पण पलटण मोठी चतुर असते, कितीतरी बदल तिने पचवले आहेत. कायम झालेल्यांतून नाईक घडतीलच. ते कोणत्या परीक्षेने निवडतात यावर सगळं आहे. पळण्याचे आणि लेखीचे गुण मोजता येतात, अंधारात थांबण्याचे कसे मोजणार? आमच्या एलएमजीवाल्याला तर कुठल्याच परीक्षेने कायम केलं नसतं.

मुलगा सुटीवर आला की एवढं विचारा: तुझ्या सेक्शनमध्ये रात्री कुणाला ताप आला तर त्याची ड्युटी कोण करतो? उत्तर झटक्यात आलं तर निवांत झोपा.

ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सगळ्या वाहिन्यांवर निवृत्त अधिकारी होते. तुम्ही अनुभवी, तुम्ही का जात नाही? पुढच्या वेळी काय होईल तुमच्या मते?
*एक वाचक, ठाणे*

मला कुणी बोलावलं नाही, हे पहिलं कारण. सुभेदाराला बोलावत नाहीत, जनरल साहेबांना बोलावतात.

दुसरं कारण म्हणजे खंदकातला माणूस लढाईतलं फार थोडं बघतो. माझ्या सेक्शनला नेमून दिलेला गोळीबाराचा पट्टा किती, डावीकडच्या झाडापासून उजवीकडच्या दगडापर्यंत, एवढंच मी छातीठोक सांगू शकतो. 7 मे 2025 च्या पहाटे काय झालं आणि 10 मेच्या दुपारी दोन्हीकडचे डीजीएमओ, म्हणजे लष्करी कारवायांचे प्रमुख, हॉटलाइनवर काय बोलले, हे तुम्ही वाचलं तेवढंच मी वाचलं.

पण त्या चार दिवसांतली एक रात्र मला झोंबली. काही वाहिन्यांनी कराची बंदर उडवल्याचं जाहीर करून टाकलं. आमच्या पारावर पेढे वाटले गेले, एक मीही खाल्ला. सकाळी कळलं, तसं काही झालंच नव्हतं. कराचीवर खरोखर हल्ला झाला तो 4 डिसेंबर 1971 च्या रात्री, आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी केलेला. नौदल दिन त्याचाच. तेव्हा नौका काम उरकून परतीला लागल्या होत्या तरी इकडे कुणाला पत्ता नव्हता. 2025 च्या त्या रात्री स्टुडिओत डबे वाजले आणि सगळ्यांनी मॅगझिनं रिकामी केली. मी कुणाला नावं ठेवू? माझ्या नावावर खेचर आहे.

सरकारने 26 एप्रिललाच वाहिन्यांना सांगितलं होतं की सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका. 26/11 चा धडा त्यामागे आहे. तुमच्यापुरतं तेवढं पाळा. रस्त्याने रणगाड्यांची गाडी जाताना दिसली तर हात हलवा, मोबाइल काढू नका. जवानाला हात हलवलेला आवडतो.

पुढच्या वेळी काय होईल? माहीत नाही, भाऊ.

वडील माजी सैनिक होते. ते गेल्यावर आईला कुटुंब पेन्शन चालू होती, ती अचानक बंद झाली. बँक म्हणते आमच्याकडे काही नाही. कुठे जावं?
*एक मुलगा, खटाव*

बँक या वेळी खरं बोलतेय. पेन्शन आता संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून थेट खात्यात येते. बहुतेक वेळा कारण एकच असतं, वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला राहिलेला असतो. आईंचं आधार आणि बँक पासबुक घेऊन जवळच्या सीएससी केंद्रात जा, अंगठा किंवा डोळा लावून तो तिथेच भरता येतो. म्हाताऱ्या बायांचे अंगठे शेतात झिजलेले असतात, यंत्र घेत नाही. मग डोळ्याचं यंत्र आहे का ते आधी फोनवर विचारूनच आईंना न्या, दोन फेऱ्या घालायला लावू नका.

दाखला भरूनही पेन्शन आली नाही तर नाव तपासा. माझ्या आईच्या बाबतीत कागदावर 'हौसाबाई' आणि आधारवर 'हौसाताई' होतं, आणि या एका 'ताई'ने आम्हाला आठ महिने नाचवलं. वडिलांच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात आईचं नाव आणि जन्मतारीख पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे लष्कराच्या नोंदीच्या आदेशाने, चढलेली असते, तीच खरी धरतात. ती आधारशी जुळत नसेल तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पाठवा. जाताना पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, झेरॉक्स न्या. मूळ प्रत ट्रंकेत राहू द्या, कुणी कितीही मागितली तरी.